तिला खालची ओळ दिसत नव्हती

नातीने वाचताना ओळ चुकवली की मला राग यायचा. साधासुधा नाही, डोक्यात जाणारा. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की मी तिला आरत्यांचं पुस्तक देऊन समोर बसवायचो. मी स्वतः चौथी शिकलेला माणूस. देवासच्या एका कारखान्यात लेथवर सगळं आयुष्य गेलं, पण मराठी सोडली नाही. आमच्या कॉलनीतल्या मराठी घरांतली पोरं आता आजीला दादी म्हणतात आणि मराठी छापलेलं काही हातात दिलं की तोंड फिरवतात. आपल्या घरात हे होऊ द्यायचं नाही, असा माझा हट्ट.

नात एक ओळ वाचायची आणि परत तीच वाचायची. नाहीतर दोन ओळी टाकून तिसरीवर उतरायची. पाठ असलेली आरती असली तर बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे.

"कुठे आहेस तू?"

"इथेच आहे, आबा."

"इथे नाही. ही झाली. खालची वाच."

"खालची कुठली?"

पोरगी माझी थट्टा करते आहे असं वाटून एकदा मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. पुस्तक उचलून कपाळासमोर धरलं आणि धडाधड चार ओळी बरोबर वाचल्या. मला वाटलं, धपाटा लागू पडला. वर मीच म्हणालो, "आता ते पुस्तक खाली ठेव आणि माणसासारखी बस." तिने खाली ठेवलं आणि पुन्हा अडखळली.

शाळेत ती हिंदीतही अशीच अडखळायची. तिथल्या बाई मला म्हणायच्या, "दादाजी, घर में मराठी चलती है ना, इसीलिए बच्ची हिंदी में अटकती है." मी त्यांना म्हणायचो, "मॅडम, तुमच्या हिंदीमुळे तिची मराठी खराब झाली." दोन वर्षं आम्ही हेच एकमेकांना ऐकवत होतो. मराठीवाला हिंदीला दोष देतो, हिंदीवाली मराठीला, आणि पोरगी मधे उभी. तिला कुठलीच भाषा वाचता येत नव्हती हे एवढं समोर असून दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की भाषा सोडून दुसरं काही असेल.

ती पडायचीही फार. उंबऱ्याला ठेचकाळायची, पायरी असली की पाय हवेत टाकायची. सून धारची. तिच्या माहेरची माणसं जुन्या संस्थानच्या नोकरीतली, अजून 'इश्श' आणि 'अगंबाई' जपून ठेवलेली. तिकडे एका लग्नात नातीने पंगतीतल्या रांगोळीतून सरळ चालत जाऊन पाण्याचा तांब्या लाथाडला. एक बाई मला ऐकू येईल अशा बेताने बोलल्या, "कारखान्याच्या गावची मुलं. वळण कुठून येणार?" मी तिथल्या तिथे ताटावरून उठलो. सून मागे धावली. "मामंजी, बसा हो, माझ्यासाठी बसा." बसलो नाही. नातीला घेऊन देवासची बस पकडली. राग त्या बाईंचा होता, पण बसमध्ये मी नातीलाच म्हणालो, "खाली बघून चालता येत नाही का तुला?"

ती म्हणाली, "बघते की."

पाचवीत शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मुलगा पीथमपूरला नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी, म्हणून शाळेची हजेरी माझ्याकडे. बाईंनी एक छापील कागद पुढे केला. त्यात नातीच्या नावापुढे हिंदीत लिहिलं होतं, 'मंदबुद्धि की आशंका'. खाली पालकाच्या सहीची जागा. सही केली की तिला पाचवीच्या परीक्षेला न बसवता मागच्या वर्गात ठेवणार, आणि पुढच्या वर्षी इंदूरच्या एखाद्या वेगळ्या शाळेत घालायचा सल्ला.

"दादाजी, हम तो भले के लिए कह रहे हैं. बच्ची धीमी है."

"ती तोंडी पाढे म्हणते. तीसपर्यंत. विचारा."

"लिखा हुआ नहीं पढ़ पाती."

"मग डोळे तपासा."

"शिविर में जाँच हो चुकी है. आँखें एकदम सही हैं."

ते खरं होतं. शाळेत डोळे तपासायला माणसं आली होती. भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात बारीक अक्षरंसुद्धा तिने घडाघडा सांगितली होती. कार्डावर 'सामान्य' असा शिक्का. आता मला कळतं की त्यात नवल नव्हतं. ज्या अक्षराकडे ती बघायची ते तिला स्वच्छ दिसायचं. बघतो त्याच्या खाली काय आहे, हे कोणी विचारलंच नव्हतं. मी सही केली नाही. बाई म्हणाल्या, "परीक्षा तक सोच लीजिए." परीक्षेला सहा महिने होते.

पहिल्यांदा गावातल्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. सून बरोबर होती. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून आत पाहिलं आणि म्हणाले, डोळ्यामागची नस वरच्या बाजूला फिकट आहे, काळ्या मोतियाचा, म्हणजे काचबिंदूचा, संशय आहे. मी विचारलं, "डोळ्याचं प्रेशर वाढलंय का?" म्हणाले, "प्रेशर तो नॉर्मल है. पर रिस्क नहीं लेंगे." किती दिसतं, कुठपर्यंत दिसतं, हे मोजायचं मशीन त्यांच्याकडे होतं, पण लहान मूल त्यावर नीट बसत नाही म्हणून लावलं नाही. मग त्यांनी विचारलं, "माँ को शुगर-वुगर?"

मी लगेच म्हणालो, "नाही हो. आमच्याकडे कोणालाच नाही."

हे मी खोटं बोललो. सुनेला शाळेत असल्यापासून शुगर. रोज सुई घ्यावी लागते. तिच्या माहेरच्यांनी लग्नाच्या बोलणीत एक अक्षर लपवलं नव्हतं. मीच सांगितलं होतं, मुलगी पसंत आहे, पण ही गोष्ट आमच्या कॉलनीत कोणाला कळता कामा नये. कॉलनीत कोणी काही बोललं तर मला सहन होत नाही, म्हणून. तेव्हापासून ती स्वयंपाकघराचं दार लोटून सुई घ्यायची. पाहुणे असले तर न्हाणीत जाऊन. त्या दिवशी डॉक्टरांपुढे ती माझ्याकडे बघत राहिली आणि गप्प बसली. माझ्या घरात मी बोललो की वर कोणी बोलत नसे, आणि याचा मला अभिमान होता.

थेंब सुरू झाले. सकाळ-संध्याकाळ. डोळे लाल व्हायचे, चुरचुरायचे. डॉक्टर समोरच बोलले होते की हा आजार दिसणं हळूहळू खातो, आणि ते तिने ऐकलं होतं. एक दिवस थेंब घालून डोळे मिटून पडल्या पडल्या तिने विचारलं, "आबा, आंधळं झाल्यावर पाचवीची परीक्षा तोंडी घेतात का?" मी नळावर जाऊन उगाच हात धुतले.

चार महिने असे गेले. मग एका रविवारी जेवताना मला ते सापडलं. कुठल्या डॉक्टरला नाही, मला.

आमच्याकडे ताट अजून पद्धतीने वाढतात. मीठ-लिंबू वर, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आणि भात पुढ्यात, आपल्या जवळ. सून आजारी होती म्हणून मी वाढत होतो आणि गडबडीत नातीचं ताट उलटं ठेवलं गेलं. भात पलीकडे, लिंबू तिच्या जवळ.

"आबा, लिंबू नाही वाढलं?"

"डोळ्यासमोर तर आहे."

"कुठे?"

लिंबाची फोड तिच्या मांडीपासून वीतभर अंतरावर. ती ताटाच्या मधे बघत होती आणि लिंबू तिच्यासाठी नव्हतंच. मी ताट धरून अर्धं फिरवलं. "हे काय," ती हसली, "आलं की!" आणि मग लगेच, "भात संपला?"

भात तिच्या पुढ्यात होता. मला आठवलं, ही पोरगी रोज भात उशिरा घेते, आणि आम्ही म्हणतो हिला भात आवडत नाही.

कारखान्यात एखादा भाग बिघडून आला तर आम्ही त्याला दोष देत बसत नसू. तो कुठून कुठपर्यंत बरोबर आहे ते मोजायचो. मी तेच केलं. दुपारी तिला भिंतीसमोर स्टुलावर बसवलं, हनुवटी खुर्चीच्या पाठीवर टेकवली, भिंतीत एक खिळा मारला आणि सांगितलं, नजर खिळ्यावरून हलवायची नाही. सुनेच्या विणायच्या सुईच्या टोकाला लाल लोकर गुंडाळली. ती सुई मी कडेकडून हळूहळू खिळ्याकडे आणायचो. दिसली की तिने 'हो' म्हणायचं आणि मी भिंतीवर खडूची खूण करायची. वरून, डावीकडून, उजवीकडून ती लांबूनच हो म्हणाली. खालून मी सुई आणत राहिलो, आणत राहिलो. ती गप्प. खिळ्याच्या अगदी जवळ आली तेव्हा म्हणाली, "हो."

"नीट बघ."

"तुम्ही आत्ताच तर आणलीत, आबा."

एक एक डोळा झाकून पाहिलं. तसंच. सून दारात उभी होती. खुणा जोडल्या तर भिंतीवर वर भलामोठा घुमट आणि खाली सपाट कापलेलं. मी जुन्या वर्तमानपत्रावर ते उतरवून घेतलं आणि त्याच आठवड्यात आम्ही तिघं इंदूरला गेलो.

तिथे मोठ्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीतला पोरगा माझा कागद बघून हसला. "क्या भिया दादाजी, घर पे ही मशीन लगा ली?" मी म्हणालो, "हो. तुझी लाव, मग बघू." नातीला त्यांनी मशीनपुढे बसवलं. आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. ती अर्धा तास हलली नाही. म्हणे लहान मूल बसत नाही! कागद बाहेर आला, तर वरचा भाग पांढरा आणि खालचा काळा, दोन्ही डोळ्यांचा. पोराने माझं वर्तमानपत्र परत मागून घेतलं आणि आत डॉक्टरीणबाईंकडे दोन्ही बरोबरच नेले.

बाई तरुण, इंदूरच्याच, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी नसेचे फोटो काढले, जाडी मोजली, उंची-वजनाची वाढ विचारली. मग म्हणाल्या, "आईला मधुमेह आहे का? बाळंतपणाच्या आधीपासून?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते देवाला ठाऊक. माझ्याआधी सून बोलली.

"आहे. मला बारा वर्षांची असल्यापासून आहे. इन्सुलिन घेते. मागच्या डॉक्टरांनीही विचारलं होतं. तेव्हा नाही म्हणून सांगितलं गेलं."

'सांगितलं गेलं' म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असं सांगितलं. डोळ्यामागची नस म्हणजे बारीक तारांचा जुडगा. वरच्या तारा खालचं दिसणं मेंदूकडे नेतात. या मुलीच्या वरच्या तारा पोटात असतानाच पुरत्या तयार झालेल्या नाहीत. आईला शुगर असेल तर काही थोड्या मुलांत असं होतं, सगळ्यांत नाही, आणि यात आईची चूक नाही. हे वाक्य त्या सुनेकडे बघून दोनदा बोलल्या. हा काळा मोतिया नाही. थेंब बंद. प्रेशर मधून मधून बघू, वर्षाला एकदा हाच कागद काढू आणि जुन्याशी ताडून पाहू. जन्मतः आहे तेवढंच राहतं, सहसा वाढत नाही.

"आणि भरून?"

"भरून येणार नाही, काका. औषध नाही, चष्मा नाही, ऑपरेशन नाही. पण तिला शिकवता येईल."

मला संताप आला. कोणाचा ते नीट सांगता येत नाही. चार महिने फुकट थेंब घालणाऱ्याचा, 'सामान्य' शिक्का मारणाऱ्यांचा, त्या शाळेचा. बाहेर बाकावर बसून मी सगळ्यांना शिव्या घालत होतो, तेव्हा सून शांतपणे म्हणाली, "मामंजी, मागच्यांना आपण खरं सांगितलं असतं तर कदाचित त्यांनाही कळलं असतं." तिने 'आपण' म्हटलं, हे तिचं मोठेपण. त्या दिवसापासून तिची सुई घरात उघड्यावर असते, फ्रिजच्या दारात. कॉलनीतली एक बाई विचारायला आली होती. मी म्हणालो, "हो, आहे तिला. तुम्हाला काय करायचंय?"

घरी मी पायऱ्यांच्या कडा पिवळ्या रंगवल्या. फळी तिरकी ठोकून वाचायचा उतार केला, म्हणजे पुस्तक डोळ्यासमोर उभं राहतं. पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापली. ती खिडकी खाली सरकवत जायची, की ओळ हरवत नाही. चालताना चार पावलांनी मान मुद्दाम खाली घालायची, हे सूनच तिच्याकडून करून घेई. डॉक्टरीणबाईंनी सायकल मोठ्या रस्त्यावर नको म्हटलंय. स्कूटीचं मोठी झाल्यावर तपासून ठरवू म्हणाल्या. त्यावरून नात माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती, जसं काही मीच तिची स्कूटी विकली. महिन्याभरात पोरगी वाचायला लागली. हिंदीही, मराठीही.

दवाखान्याचं पत्र घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेलो. त्यांनी वाचलं. म्हणाल्या, "लेकिन इसमें तो लिखा है नज़र पूरी है. फिर दिक्कत क्या है?" आणि लगेच, "और अगर दिक्कत है, तो विशेष स्कूल ही ठीक रहेगा ना?" म्हणजे दिसतंय तर ढोंग आहे आणि दिसत नसेल तर बाहेर जा. मी विचारलं, मधे काही नाही का?

मी खिशातून पुठ्ठा काढला. नाकावर बसेल असा कापलेला होता, डोळ्यांच्या खालचं सगळं झाकणारा. "मॅडम, हा लावा आणि व्हरांड्याच्या तीन पायऱ्या उतरून दाखवा."

"दादाजी, ये क्या नाटक है?"

"लावा तर."

त्यांनी लावला नाही. पण त्या हिंदीच्या बाई, माझ्याशी दोन वर्षं भांडलेल्या, त्यांनी माझ्या हातून घेतला. व्हरांड्यात गेल्या, पहिल्याच पायरीपाशी पाय पुढे करून चाचपत राहिल्या, खांब धरला आणि तिथेच थांबल्या. पुठ्ठा काढला तेव्हा चेहरा उतरला होता. "ये रोज ऐसे आती है?" त्या म्हणाल्या. त्याच आत जाऊन मोठ्या बाईंशी बोलल्या. तो 'मंदबुद्धि'वाला कागद रद्द झाला. मी मागितलं की तसं लिहून द्या, सहीनिशी. मोठ्या बाईंनी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशीही मी बाहेरच्या बाकावर बसलेला बघून दिलं. माफी मात्र कोणी मागितली नाही.

परीक्षेच्या दिवशी फाटकावर भलताच माणूस उभा. नातीच्या काखेत उताराची फळी आणि हातात खिडकीचा पुठ्ठा. तो म्हणाला, "ये अंदर नहीं जाएगा." मी पुढे झालो. पत्र खिशात होतं, आवाजही चढला होता. नातीने माझी बाही मागे ओढली.

"आबा, थांबा ना. मी सांगते." आणि त्या माणसाकडे मान वर करून म्हणाली, "अंकल, मुझे नीचे का नहीं दिखता. जन्म से. कागज़ ऊपर रखूँ तो दिखता है. ये उसी के लिए है."

चार पोरं, त्यांच्या आया, सगळे ऐकत होते. माझे कान तापले. आईची सुई मी इतकी वर्षं दारं लावून घरात कोंडून ठेवली, आणि ही पोरगी आपलं दुखणं रस्त्यावर सरळ सांगून मोकळी झाली. त्या माणसाने फळी उलटसुलट पाहिली, पुठ्ठ्याच्या खिडकीतून एक डोळा घालून पाहिलं आणि म्हणाला, "जा बेटा." मग मला म्हणाला, "आप पीछे हटिए, दादाजी. गेट खाली कीजिए."

ती पास झाली, सहावीत गेली. हिंदीत काठावर, गणितात वर्गात दुसरी. मी पेढे आणले. इंदूरला पाठवले, धारला पाठवले. त्या वळणवाल्या बाईंच्या घरी तर मुद्दाम दोन जास्त. मोठ्या बाई फाटकावर भेटल्या, हसून म्हणाल्या, "दादाजी, हमारा पेढा?" मी डबा बंद केला आणि चालू लागलो. नंतर कळलं की सून दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना देऊन आली. हिंदीच्या बाईंना मी स्वतः दिला होता. मोठ्या बाईंना मी दिला नसता. अजूनही देणार नाही.